भिंतीतली तार आणि पेटीतला स्विच

कोथरूडला ताईच्या फ्लॅटचं काम निघालंय. फरशी उखडली, भिंतींना झिऱ्या पडल्या, आणि घरात चर्चा सुरू झाली ती नेटचा स्विच कोणता घ्यायचा याची. भाऊजींनी चार मॉडेलं निवडूनही ठेवली. माझं म्हणणं इतकंच की हा प्रश्न शेवटचा आहे. आधी पाइप, मग केबल, मग स्विच-राउटर ठेवायच्या पेटीची जागा आणि सगळ्यांत शेवटी स्विच. स्विच पाच-सात वर्षांनी बदलायचा झाला तर दुकानातून आणून लगेच लावता येतो. भिंतीतली केबल बदलायची तर पुन्हा हातोडा-छिन्नी आली, पुन्हा प्लास्टर, पुन्हा रंग. या कामाच्या निमित्ताने पाहिलेलं, मोजलेलं, घरच्यांना समजावून सांगितलेलं इथे टिपून ठेवतो.

*

वाय-फाय असताना तारा कशाला, हा आईचा प्रश्न रास्त आहे. वाय-फायची हवा सगळ्यांत वाटली जाते. एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. वर-खाली आणि आजूबाजूला राहणाऱ्यांचे राउटरही त्याच हवेत बोलत असतात. मधे विटांच्या भिंती आणि आरसीसीचे खांब. म्हणून जे जागचं हलत नाही ते तारेवर घ्यावं : टीव्ही, टेबलावरचा कॉम्प्युटर, कॅमेरे, छताला लावलेला वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. मग उरलेली हवा फोनला आणि लॅपटॉपला मोकळी मिळते. घरात तार पडली की वाय-फायसुद्धा सुधारतं.

*

इमारत नव्वदच्या दशकातली. त्या काळात बिल्डर लँडलाइनसाठी आणि केबल टीव्हीसाठी भिंतीतून वेगळे पाइप टाकत. आता लँडलाइन गेली, केबलवाल्याची काळी कोएक्स तार तेवढी आत पडून आहे. हे पाइप म्हणजे घरातली आयती वाट. आधी टॉर्च मारून, स्प्रिंग घालून ते कुठून कुठे जातात हे पाहावं. जुन्या कोएक्सच्या टोकाला नवी केबल आणि एक नायलॉनची दोरी बांधावी आणि दुसऱ्या बाजूने सावकाश ओढावी. दोरी आतच राहू द्यावी, पुढच्या माणसाला उपयोगी पडते. ताईकडे हॉल आणि आईची खोली अशीच निघाली, भिंतीला धक्का न लावता.

फक्त जोर लावायचा नाही. चार जोड्यांच्या केबलला ओढताना ११० न्यूटन, म्हणजे साधारण ११ किलो वजनाएवढीच ओढ चालते. त्याहून जास्त ओढलं की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो आणि केबल बाहेरून ठणठणीत दिसत राहते.

*

नवा पाइप टाकायचा झाला तर २५ मिलिमीटरचा, आणि त्यात कॅट-६च्या तीन-चार केबल, जास्त नाहीत. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न बसवता मोठ्या गोलाईचं बेंड घ्यावं. दोन बेंडनंतर एक जंक्शन बॉक्स. आणि विजेची वायर या पाइपात कधीही नको, एखाद-दुसरी असली तरी नको. दोन्ही पाइप शेजारून जाणार असतील तर त्यांत अंतर ठेवावं. ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडावे.

वायरमनकाका म्हणाले, “जागा आहे पाइपात, एसीची वायरपण यातूनच काढू का?” त्यांचा हेतू झिरी वाचवण्याचा होता. पण २३० व्होल्टची तार आणि डेटाची तार एका पाइपात असली तर गोंगाटाचा त्रास नंतरचा, आधी जिवाचा धोका. कुठे इन्शुलेशन सोललं तर वीज थेट टेबलावरच्या उपकरणापर्यंत येते. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच वेगळी झिरी आखली.

*

प्रत्येक केबल पेटीपासून निघून थेट आपल्या खोलीत जाईल. एका खोलीतून पुढच्या खोलीत, तिथून पुढे, अशी साखळी नको. काही नव्या इमारतींत बिल्डरने दिलेले डेटा पॉइंट असे साखळीत असतात किंवा त्यात टेलिफोनचीच बारीक तार असते. ताबा घेताना प्लेट उघडून आत काय आहे ते पाहावं.

*

केबल कोणती? कॅट-६. कॅट-५ईवर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत निर्धोक जातं. कॅट-६वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत जातं, आणि फ्लॅटमधली सगळ्यांत लांब केबल तीस मीटरही भरत नाही. कॅट-६ए जाड असते, वळत नाही, पाइप मोठे लागतात. फ्लॅटला तिची गरज नाही.

खरी काळजी दुसरीच. बाजारात ‘सीसीए’ नावाने, आणि पुष्कळदा त्या नावाशिवाय, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल मिळते. ती स्वस्त असते, दिसायला तशीच असते. तिचा विजेचा अवरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तार पंच करताना पटकन तुटते, आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर ती गरम होते. कॅट केबलच्या मानकात ती बसत नाही. ओळखायची सोपी रीत म्हणजे तारेचं टोक ब्लेडने खरवडावं. आतून पांढरी चकाकी दिसली तर ती परत द्यावी. दुसरी रीत वजनाची. ३०५ मीटरच्या कॅट-६च्या खोक्यात नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं, आवरण वेगळं. खोकं हाताला हलकं लागलं की समजावं.

पैसे वाचवायचे असतील तर स्विचमध्ये वाचवावेत, केबलमध्ये वाचवू नयेत.

*

स्विच नेमकं काय करतो हे भाच्याला हवं होतं. जुना हब एका पोर्टवर आलेली गोष्ट सगळ्या पोर्टना ओरडून सांगायचा. स्विच तसं करत नाही. कुठल्या पोर्टवरून कोणत्या पत्त्याचं उपकरण बोललं हे तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या पत्त्यासाठी आलेली चौकट (फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा) त्याच पोर्टला देतो. सोसायटीतल्या मुरलेल्या वॉचमनला कोण कुठल्या मजल्यावर राहतं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहूनच कळतं, तसंच हे. कोणी यादी भरून द्यावी लागत नाही. आणि काही मिनिटं एखादं उपकरण बोललंच नाही, तर त्याची नोंद पुसून टाकून तो नव्याने शिकतो.

तारेवरचं हे नेटवर्क, म्हणजे इथरनेट, १९७३ साली झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या कामातून आलं. अनेक पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात यायला १९९० उजाडलं. तो आणला ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने. विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे उद्योजक तिचे एक संस्थापक, आणि कंपनीला नाव दिलं होतं त्यांच्या पत्नीचं. त्या स्विचला सात पोर्ट होते. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आज घराच्या पेटीत बसणारा आठ पोर्टचा डबा त्याच वंशातला आहे. भाच्याने ही गोष्ट वहीत उतरवून घेतली, म्हणून मीही इथे उतरवली.

*

पोर्टचा हिशोब कागदावर करावा, अंदाजाने नको. ताईकडचा असा :

हॉलमध्ये टीव्हीमागे २. ताईच्या कामाच्या टेबलापाशी २. भाच्याच्या खोलीत २. आईच्या खोलीत १. छतावरचे ॲक्सेस पॉइंट २, एक पॅसेजमध्ये, एक मागच्या बेडरूमबाहेर. कॅमेरे २, एक दारावर, एक बाल्कनीत. पेटीतच कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर १ आणि राउटर १.

एकूण १३. म्हणजे आठ पोर्टचा एक स्विच पुरत नाही आणि चोवीसचा घ्यायची गरज नाही. १६चा एक किंवा ८चे दोन. कोणते, ते पुढे येईल.

प्रत्येक ठिकाणी दोन केबल टाकाव्यात हा माझा आग्रह. दुसरी केबल टाकायला आज फक्त केबलचे पैसे लागतात. झिरी तीच, मजुरी जवळपास तीच. पुढे एक केबल तुटली किंवा गरज वाढली तर तीच उपयोगी पडते. आईच्या खोलीच्या जुन्या पाइपात मात्र दुसरीला जागा नव्हती. तिथे एकच.

*

खोक्यावरची एक ओळ नीट वाचावी. ‘१०/१००’ लिहिलं असेल तर तो स्विच सेकंदाला १०० मेगाबिटचाच आहे. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असं हवं. तांब्याच्या जोड्यांवर गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं, तरी १०० मेगाबिटचे स्विच अजून दुकानात असतात आणि स्वस्त म्हणून खपतात. घरात ३०० मेगाबिटचं कनेक्शन असलं तरी असा स्विच मधे आला की टेबलापर्यंत १००च पोचतात.

कॅमेऱ्यांच्या दुकानातला ‘८+२’ स्विच घेताना तर जास्तच पाहावं. त्यातले वीज देणारे आठ पोर्ट पुष्कळदा १०० मेगाबिटचे असतात आणि वरचे दोनच गिगाबिट. कॅमेऱ्याला ते पुरतं, ॲक्सेस पॉइंटला पुरत नाही.

*

पोर्टवरचा दिवा बोलका असतो. बऱ्याच स्विचवर हिरवा म्हणजे गिगाबिट, केशरी म्हणजे त्याहून कमी. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे एखादी तार नीट पंच झाली नसेल तर नेट चालू राहतं पण वेग १००वर येतो, आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. काम संपल्यावर वायरमनला पैसे देण्याआधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून दिव्याचा रंग पाहावा. याला टेस्टर लागत नाही.

याच कारणाने डेटाच्या केबलमधल्या उरलेल्या तारा इंटरकॉमला किंवा बेलला वापरू देऊ नयेत. उरलेल्या तारा असं काही त्यात नसतंच.

*

अडीच गिगाबिटचा घ्यावा का? भाऊजींच्या यादीत दोन तसे होते. हिशोब केला. फोर-के चित्रपटाला १५ ते २५ मेगाबिट लागतात. एका कॅमेऱ्याला साधारण ४ ते ८. व्हिडिओ कॉलला ३-४. घरातले सगळे एकदम काहीतरी पाहत असले तरी दोनशेच्या आतच बेरीज येते. बाहेरचं कनेक्शन ३००चं. एका गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्ष ९४० मेगाबिटच्या आसपास जातात. म्हणजे स्विच अडवत नाही.

घरात मोठा स्टोरेज सर्व्हर असेल, त्यावर रोज व्हिडिओ संपादन होत असेल, तर अडीच गिगाबिटला अर्थ आहे. त्याचं मानक २०१६चं, आणि ते कॅट-५ईवरसुद्धा १०० मीटर चालतं. भिंतीत आज कॅट-६ आहे, म्हणजे ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी फक्त स्विच बदलायचा. आधी केबल, मग स्विच म्हणतो ते याचसाठी.

*

आता पीओई. नेटच्या केबलमधूनच वीज देण्याची ही सोय आहे. छतावर ॲक्सेस पॉइंट लावायचा तर तिथे विजेचा पॉइंट काढावा लागत नाही, दारावरच्या कॅमेऱ्याशेजारी अडॅप्टर लोंबकळत नाही. नीटनेटक्या वायरिंगमध्ये सगळ्यांत मोठा फरक याच गोष्टीने पडतो.

मानकं तीन. २००३चं ‘एएफ’ : पोर्टमधून १५.४ वॅट, उपकरणाला हमखास १२.९५. २००९चं ‘एटी’, ज्याला पीओई-प्लस म्हणतात : ३० वॅट, उपकरणाला २५.५. २०१८चं ‘बीटी’ : ६० आणि ९० वॅटपर्यंत. घराला पहिली दोन पुरतात. उपकरणाच्या कागदावर कोणतं लिहिलंय ते पाहून पोर्ट निवडायचा.

पोर्टच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे सगळे पोर्ट मिळून किती वॅट, ज्याला पीओई बजेट म्हणतात. ताईकडे दोन कॅमेरे प्रत्येकी ६ वॅट, दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १३, म्हणजे ३८ वॅट. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हा खेच वाढते, म्हणून साठाच्या आसपास बजेट हवं. चार पोर्टवर पीओई-प्लस लिहिलंय म्हणून चारही पोर्टना तीस-तीस वॅट मिळतील असं समजू नये.

मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी समोरच्या उपकरणाची खूण तपासतो आणि मगच वीज सोडतो, त्यामुळे चुकून लॅपटॉप लावला तरी काही बिघडत नाही. ‘पॅसिव्ह पीओई’ लिहिलेल्या वस्तू अशी तपासणी करत नाहीत, लावल्याक्षणी वीज देतात. त्या घराच्या पेटीत नकोत.

*

लाइट गेल्यावर काय चालू राहिलं पाहिजे? राउटर, फायबरचा डबा, वाय-फाय आणि कॅमेरे. टीव्ही बंदच असतो, टेबलावरचा कॉम्प्युटरही. इथे पीओईचा दुसरा मोठा फायदा कळतो. पेटीतल्या एका यूपीएसवर एक पीओई स्विच ठेवला की छतावरचे ॲक्सेस पॉइंट आणि दारावरचा कॅमेरा दोन्ही चालू राहतात. घरभर छोटे यूपीएस ठेवावे लागत नाहीत.

म्हणूनच १६ पोर्टच्या एका स्विचपेक्षा ८चे दोन घ्यावेत असं माझं मत झालं. पहिला पीओईचा : दोन कॅमेरे, दोन ॲक्सेस पॉइंट, रेकॉर्डर, राउटर आणि दुसऱ्या स्विचकडे जाणारी जोडणी. सात पोर्ट भरले, एक मोकळा. हा यूपीएसवर. दुसरा साधा : टीव्ही, टेबलं, खोल्या. हा नेहमीच्या विजेवर. सात पॉइंट आणि एक जोडणी, पण रोजच्या वापरात तीन-चारच लागणार. यूपीएसवरचा भार कमी, म्हणून तो जास्त वेळ टिकतो. एक बिघडला तर दुसरा चालतो. दोघांमधली जोडणी १ गिगाबिटची, बाहेरचं कनेक्शन त्याहून कमी, म्हणून ती कधी तुंबत नाही.

*

मॅनेज्ड घ्यावा की साधा? मॅनेज्ड स्विचमध्ये व्हीलॅन करता येतात : कॅमेरे एका कप्प्यात, घरातले कॉम्प्युटर दुसऱ्यात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण कप्पे पाडले की त्यांच्यात कोणी कोणाशी बोलायचं हे ठरवायला राउटरही तेवढा जाणता लागतो. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय सहसा मिळत नाही. राउटर बदलणार नसाल तर नुसत्या स्विचवर पैसे घालून कप्पे होत नाहीत.

तरीही पीओई स्विच ‘स्मार्ट’ प्रकारचा घ्यायला मी सांगेन. अडकलेला कॅमेरा त्या पोर्टची वीज घालवून पुन्हा चालू करता येतो. स्टुलावर चढावं लागत नाही. कुठल्या पोर्टवर चुका वाढताहेत हे दिसतं, म्हणजे कुठली केबल कच्ची आहे ते कळतं. घेतल्याबरोबर त्याचा मूळ पासवर्ड बदलावा. साधा स्विच मात्र साधाच असू द्यावा.

*

ओळखीच्या एका घरात अचानक सगळं नेट ठप्प झालं. स्विचचे सगळे दिवे एकसाथ, वेड्यासारखे लुकलुकत होते. साफसफाई करताना कोणीतरी लोंबणाऱ्या केबलचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचून ठेवलं होतं. सगळ्यांसाठी म्हणून पाठवलेली चौकट त्या फेऱ्यात अडकते आणि फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात, थोड्याच वेळात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

यावरचा उपाय १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी डीईसी कंपनीत शोधला. स्पॅनिंग ट्री नावाची ती पद्धत फेरा ओळखून एक वाट आपोआप बंद करते. मॅनेज्ड स्विचमध्ये ती असते. साध्या स्विचपैकी काहींत ‘लूप डिटेक्शन’ असतं, ते पाहून घ्यावं. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे कुठलीही केबल एका टोकाने लावून दुसरं टोक मोकळं सोडायचं नाही.

*

आता स्विचच्या अंगकाठीकडे. वेगाच्या आकड्यांत एकाच प्रकारचे गिगाबिट स्विच जवळपास सारखे असतात. आठ पोर्टच्या खोक्यावर १६ गिगाबिटची क्षमता लिहिलेली दिसली की ते पोर्टचं साधं गणित आहे, दोन्ही दिशा धरून. त्यावरून निवड होत नाही. नीटनेटकेपणा ठरतो तो या गोष्टींवर :

पोर्ट आणि दिवे एकाच बाजूला आहेत का? काही घरगुती स्विचचे दिवे पुढे आणि पोर्ट मागे असतात. टेबलावर ते शोभतात, पेटीत बसवले की केबलला वळसा पडतो.

अडॅप्टर बाहेरचा की आतला? बाहेरचा ठोकळा पट्टीवरच्या दोन सॉकेटची जागा खातो. पण तो बिघडला तर एकटा बदलता येतो, आणि स्विचच्या आधी अडॅप्टरच जायची शक्यता जास्त. व्होल्ट आणि अँपिअर लिहून ठेवावेत.

पंखा आहे का? घरात पंख्याचा स्विच नको. रात्री आवाज ऐकू येतो आणि धूळ आत ओढली जाते.

डबा धातूचा आहे का? उष्णता बाहेर पडायला बरा.

किती तापमानापर्यंत चालतो? कागदावर ४० अंश असेल तर दोनदा विचार करावा. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा तिथे पोचतो, आणि बंद पेटीत त्याहून जास्त. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकाने ५० अंश लिहिलेलाच घ्यावा.

*

किती वीज खातो? आठ पोर्टचा साधा स्विच ५ वॅट धरला तर वर्षाला ४४ युनिट. पीओईचा जास्त, पण ती वीज कॅमेऱ्यांनी आणि ॲक्सेस पॉइंटनी खाल्लेली असते. ती अडॅप्टरने दिली असती तरी गेलीच असती.

*

पेटी कुठे? सुतारदादांनी चपलांच्या कपाटातला वरचा कप्पा सुचवला. जागा दाराजवळची, फायबर तिथूनच आत येतं, म्हणून सूचना चांगली होती. फक्त कप्पा चारही बाजूंनी बंद होता. खाली आणि वर जाळीचे झरोके काढून घेतले. बाथरूमवरचा माळा नको, तिथे दमट असतं. विजेच्या डीबीच्या आत नको. पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको, कोकणात तर नकोच, पोर्टमधल्या पट्ट्या गंजतात. आणि उंची अशी असावी की आईलासुद्धा हात वर करून राउटर बंद-चालू करता यावा.

*

भिंतीतून आलेली केबल थेट स्विचला लावू नये. ती जाड एकसंध तारेची असते, सारखी हलवली तर तुटते. ती पॅच पॅनेलला पंच करावी आणि तिथून स्विचपर्यंत वीतभर लवचीक पॅच कॉर्ड. खोलीतल्या टोकालाही भिंतीवर आयओ, म्हणजे नेटचं सॉकेट, प्लग क्रिम्प केलेली शेपटी नको. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच, आपल्याकडे बहुतेक ‘बी’. पेटीत प्रत्येक केबलची हातभर जास्तीची गुंडाळी ठेवावी.

रॅकमध्ये एका घराची उंची ४४.४५ मिलिमीटर, तिला १यू म्हणतात. फ्लॅटला भिंतीवरचा ६यू रॅक भरपूर होतो : वर पॅच पॅनेल, खाली दोन्ही स्विच, त्याखाली राउटर-रेकॉर्डरची फळी, तळाला विजेची पट्टी आणि यूपीएस. केबल बांधायला वेल्क्रो. प्लास्टिकचे टाय करकचून आवळले की जोड्या दबतात.

*

लेबल. दोन्ही टोकांना, तोच क्रमांक. ‘हॉल-१’, ‘हॉल-२’, ‘आई’, ‘दार कॅमेरा’. ओढण्याआधीच मार्करने केबलवर लिहावं, नंतर कुठली कुठली ते कळत नाही. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवावा. आणि प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप धरून. पुढे कोणी तिथे खिळा ठोकणार असेल तेव्हा हाच फोटो कामी येईल.

नीटनेटकेपणा दिसण्यासाठी नसतो. पाच वर्षांनी पेटी उघडणाऱ्या अनोळखी वायरमनला काही न विचारता काम करता यावं, यासाठी असतो.

*

फ्लॅट सोडून वाडीचा विचार केला तर गणित बदलतं. मुख्य घर एकीकडे, पाहुण्यांची खोली किंवा गोठा दुसरीकडे, मधे आंबे-फणस. अशा दोन इमारतींत तांब्याची केबल टाकू नये. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि वीज जवळ पडली तर तीच केबल झटका दोन्ही घरांत पोचवते. तिथे फायबर टाकावा. त्यातून वीज वाहत नाही आणि १०० मीटरची मर्यादाही राहत नाही. मात्र लोखंडी तारेच्या आधाराचा फायबर नको. या कामासाठी स्विचचं, फायबर जोडायची एसएफपी खाच असलेलं मॉडेल घ्यावं. फ्लॅटमध्ये ही खाच रिकामीच राहते, तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

*

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. तिथे केसिंग-कॅपिंगची पट्टी स्कर्टिंगच्या कडेने न्यावी. एकच केबल टीव्हीपर्यंत पोचत असेल तर तिथे पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावावा. पाच पोर्टमधला एक येणाऱ्या केबललाच जातो, हे धरून चालावं.

*

ब्रँडबद्दल विचारतात. टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर हे आपल्या बाजारात सहज मिळतात. डी-लिंक मूळची तैवानची, पण तिच्या भारतीय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे, आणि डिजिसोल हा ब्रँड ज्यांचा त्या स्मार्टलिंकचंही तिथेच. नावापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, हे पाहून घ्यावं.

*

ताईकडचा निर्णय असा झाला. केबल पूर्ण तांब्याची कॅट-६. पीओईचा आठ पोर्टचा स्मार्ट गिगाबिट स्विच, चार पोर्टवर पीओई-प्लस, बजेट साठ वॅटच्या वर, बिनपंख्याचा. दुसरा साधा आठ पोर्टचा, धातूच्या डब्याचा. भाऊजींच्या यादीतला चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच गळला, आणि वाचलेल्या पैशांत बाकीच्या खोल्यांत जाडजूड पाइप आणि बहुतेक ठिकाणी दुसरी केबल पडली.

घराचं काम काढलेल्या प्रत्येकाला एवढंच सांगणं : स्विचची निवड महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल, पण प्लास्टरवाला येण्याआधी पाइप टाका, त्यात दोरी ठेवा, केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहा आणि फोटो काढा.